गुरुवारची साक्ष

सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरची भिंत अशी, की मी इकडं मिरचीची फोडणी दिली की तिकडं सुशीलाबाई शिंकायची. तेव्हा तिच्या घरची गुरुवारची प्रार्थना मी चोरून ऐकत होती असं कोणी म्हणू नये. कान देवानं दिले अन् भिंत कंपनीनं दिली. त्यात माझा काय दोष?

मी गयाबाई. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. माझा मालक बाबुलाल इथं दुर्गजवळच्या लोखंडाच्या कारखान्यात खलासी. वजनदार लोखंड दोरानं वर चढवायचं, खाली उतरवायचं, हे त्याचं काम. सुशीलाबाई नागपूरची, ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेली. तिचा नवरा माणिकराव रोलिंग मिलमध्ये फिटर होता अन् घरी पेटी चांगली वाजवायचा. कंपनीनं नंबरानं क्वार्टर वाटले म्हून आम्ही शेजारी झालो, नाहीतर ती कोण अन् मी कोण.

त्यायच्यात एक रीत आहे. ज्याच्यासाठी मंडळीनं प्रार्थना केली अन् त्याचं भलं झालं, त्यानं सभेत सगळ्यायसमोर उभं राहून तसं सांगायचं. त्याले साक्ष म्हणतात. मी एकदा तिले म्हटलं, "साक्ष त कोर्टात देतात वो बाई. तुमच्या देवावर काय खटला भरला?" ती हसली. म्हणे, "साक्ष म्हणजे जे पाहिलं ते सांगणं, गयाबाई. एवढंच."

त्या साली थंडीत ती माहेरी जातो म्हून गेली अन् बरेच दिवस आलीच नाही. आली ते चिपाड होऊन. गुरुवारी आनंदराव आले. ते त्यायच्या मंडळीचे वडील, म्हणजे सभेचे मुख्य. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बाबू होते. त्यायनं तिच्या कपाळाले तेल लावलं अन् सगळ्यायनं प्रार्थना केली. उन्हाळा लागला तशी तिच्या अंगावर थोडं मांस आलं. मंग एका गुरुवारी ती उभी राहिली अन् म्हणाली, "माझ्या अंगात कॅन्सरची गाठ होती. मंडळीनं प्रार्थना केली. प्रभूनं मला बरं केलं." बस, एवढंच बोलून खाली बसली.

एवढंच बोलली, पण क्वार्टरच्या लाईनीत सगळ्यायच्या तोंडी तेच झालं. कोणाचा पाय दुखते, कोणाची कूस उजवत नाही, सगळ्या बाया तेलासाठी तिच्या दारात. आमच्यातल्या बी. माझी लहान बहीण कांता कॅम्प-एकच्या वस्तीत राहते. तिचा नवरा धोंडबा ठेकेदाराकडं कामाले होता. साक्ष झाली त्या दिवशी तो माझ्याकडंच आला होता. गायन ऐकून सुशीलाबाईच्या दारात उभा राहिला अन् तिथूनच त्यानं सगळं आपल्या कानानं ऐकलं. त्यानंतर तो दर गुरुवारी मागं येऊन बसू लागला. कांता बी एक दिवस शिशीभर तेल घेऊन गेली. मी म्हटलं, असन डोकं दुखत.

दुखणं हत्तीच्या पायानं येते अन् मुंगीच्या पायानं जाते म्हणतात. सुशीलाबाईचं त गेलंच नव्हतं. पोळ्याच्या सणानंतर तिची पाठ धरली. आधी म्हणे बादली उचलली म्हून, मंग म्हणे हवा बदलली म्हून, मंग काही म्हणेनाशीच झाली अन् खाटेवरून उठेनाशी झाली. एक दिवस सकाळी माणिकराव डबा हातात घेऊन माझ्या दारात उभे. शिफ्टचा भोंगा होऊन गेला होता. खाली पाहून म्हणे, "गयाबाई, तिला आंघोळ घालाल का? मला जमत नाही."

मी गेली. तिचं पोलकं काढलं अन् माझा हात तिथंच थांबला. एका बाजूनं छाती पाटासारखी सपाट. त्यावर आडवा मोठा व्रण, अन् व्रणाच्या कडेनं नव्या गाठी आलेल्या. त्यातली एक फुटलेली होती. मले काहीच वाटलं नाही. राग नाही, कीव नाही, भेव बी नाही. भांडं घासावं तसं मी तिचं अंग धुतलं, पुसलं, कोरडं पातळ नेसवलं. मंग विचारलं, "हे कोणी कापलं?"

"नागपूरला," ती म्हणे. "माहेरी नव्हते गेले मी. मोठ्या दवाखान्यात होते. आधी ऑपरेशन झालं, मग बिजलीचा शेक घेतला. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. वर्षभर लपवलं होतं मी. लाज वाटायची."

"मंग सभेत त म्हटलं प्रार्थनेनं बरी झाली."

"आमच्यात साक्षीत डॉक्टरचं नाव घेत नाहीत. गौरव सगळा देवाचा. आणि समोर पुरुष माणसं बसलेली. त्यांच्यासमोर काय कापलं ते कसं सांगणार? आनंदरावांनाही ठाऊक नाही. आम्हा दोघांनाच ठाऊक. मला खरंच वाटलं होतं गयाबाई, की बरी झाले."

आपलं ठेवावं झाकून, ही म्हण मले वाटे आमच्याच लोकायची आहे. त्यायच्यात बी तेच.  त्या दिवसापासून मी तिले तू म्हणू लागली. ज्या बाईले आपण आंघोळ घालतो, तिले अहोजाहो जमत नाही.

मंग रोजचंच झालं. माझा स्वयंपाक उरकला की मी तिच्याकडं जायची. पेज पाजायची, कूस बदलून द्यायची, जखमेचं फडकं बदलायची. दुर्गंधी यायची, त्याची बी सवय झाली. घरी आली की पोळ्या लाटायची. बाबुलाल विचारे, "कशी आहे?" मी म्हणे, "आहे."  पोट्टे भांडले तरी मी ओरडत नव्हती, त्यायलेच नवल वाटे, माय आजारी आहे का म्हून.

पेजेचा एक चमचा घ्यायचा असला तरी ती आधी डोळे मिटायची. एक दिवस मी म्हटलं, "काय म्हणते तुझा देव?"

"काही नाही म्हणत."

"मंग कावून बोलते त्याच्याशी?"

ती छताकडं पाहून राहिली. म्हणे, "पूर्वी गाणं म्हटलं की भरून यायचं. आता आतून काही वाटत नाही. प्रार्थना म्हणते ती नुसती ओठानं. पण तो बोलत नाही तरी उठूनही गेलेला नाही. आई आजारी होती तेव्हा वडील असेच बसून असायचे खाटेजवळ. बोलायचे नाहीत. पण आईला झोप लागायची त्याच वेळी."

मले तिचा देव कळला नाही. बसून असणारा माणूस मात्र कळला.

मंग दिवाळीच्या फराळाच्या कामाले कांता माझ्याकडं आली. खाली बसून करंज्या लाटून राहिली होती. तिच्या अंगाले तेलाचा वास. पाहतो त पोलकं एकाच बाजूनं तेलकट. मी तिले मोरीत ओढत नेलं अन् हात लावून पाहिला. सुपारीएवढी गाठ.

त्या दिवशी मात्र माझ्या आत पेटलं. इतक्या दिवसांचा राग एकदम आला. "कावून सांगितलं नाही मले?"

"तू बोंबलशील म्हून," कांता म्हणे. "सुशीलाबाईले बी तिथंच होती. तेल घेताना मी विचारलं होतं तिले. ती तेलानंच बरी झाली ना?"

तशीच तिले घेऊन मी दुर्गच्या सरकारी दवाखान्यात गेली. डाक्तरीण शहाणी बाई होती. म्हणे, गाठ लहान आहे, अजून हलते, लवकर काढली तर ही बाई वाचेल. रायपूरला न्या, अन् नवऱ्याला सोबत आणा, त्याची सही लागेल. मी म्हटलं, सही काय, अंगठा बी आणतो.

पण धोंडबा ऐकेना. म्हणे, "चाकू लावायचा नाही. सुशीलाबाई बिनाचाकूची बरी झाली. मी माझ्या कानानं ऐकलं." मी त्याले व्रणाचं सांगितलं, त तो म्हणे, "तुमाले त्यायचा देव खपत नाही म्हून सांगता." पालथ्या घड्यावर पाणी. मंग मी कांताले सुशीलाकडं नेलं. सुशीलानं स्वतः पदर बाजूले करून तिले दाखवलं. कांताचं तोंड पांढरं झालं. तिले पटलं. पण कांताले पटून काय उपयोग, सही धोंडबाची. तो गेला आनंदरावकडं विचारायले. आनंदरावनं उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. म्हणे, "बाई दुखण्यानं भ्रमली आहे. सैतान माणसाला कमजोर झाल्यावरच गाठतो. मंडळीसमोर दिली तीच साक्ष खरी."

आनंदराव माणूस वाईट नव्हते. त्यायले नागपूरचं ठाऊकच नव्हतं. पण ठाऊक नसणाऱ्या माणसाचं तोंड जास्त चालते.

मी सुशीलाले सगळं सांगितलं. माणिकराव बी तिथंच बसले होते.  मंग सुशीला म्हणे, "मंडळीत दिली, ती मंडळीतच बदलावी लागेल."

माणिकरावनं हात जोडले. "नाताळ होऊ दे. मग काय ते सांग. कितीतरी नवे लोक यायला लागलेत. तू असं बोललीस तर एकही राहणार नाही. देवाचं नाव जाईल गं."

"नाताळपर्यंत कांताची गाठ थांबेल का, अहो?"

त्यायनं जोडलेले हात सोडले.

"देवाचं नाव माझ्या लपवण्यावर टेकलेलं नाही," ती म्हणे. "तिचा जीव टेकलाय."

माणिकराव बाहेर निघून गेले. मी तिची कूस बदलून देत होती. माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं, "तुले मंडळीनं टाकलं त? तुझ्या मातीले कोण येईन?"

"तुम्ही याल ना," ती म्हणे. तिनं ते इतकं साधं म्हटलं, जसं कोणी दळण आणाल ना म्हणते.

गुरुवार आला. संध्याकाळची वेळ, तिकडं कारखान्याकडं वितळलेल्या लोखंडाची गरम मळी ओतली होती अन् आभाळ लाल झालं होतं. सतरंजीवर मंडळी दाटीवाटीनं बसली होती, मागं धोंडबा, त्याच्या बाजूले बायकायच्या ओळीत कांता. त्या दिवसापर्यंत सभा चालू असताना मी त्या घरात पाय ठेवला नव्हता. माणिकराव पेटीवर बसले होते. सुशीलाले आम्ही खुर्चीत उशा लावून बसवलं, तर तिनं माझा हात धरला. "उभं करा मला. साक्ष उभं राहूनच देतात."

मी तिच्या दोन्ही काखेत हात घालून तिले उभं केलं. तिचं वजन काहीच नव्हतं. ती म्हणाली, "मागे मी इथं सांगितलं होतं की मी बरी झाले. ते..."

आनंदरावनं गाणं सुरू केलं. मोठ्यानं. सगळी मंडळी उचलून गाऊ लागली, माणिकरावचे हात पेटीवर फिरू लागले. मले वाटलं खाली बसवावं तिले. ती माझ्या कानाशी म्हणे, "संपू द्या गाणं." पूर्ण गाणं होईपर्यंत ती उभी राहिली. तिचे पाय थरथरत होते, ते माझ्या पायाले लागत होते. गाणं संपलं, अन् ती पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली. "मागे मी इथं सांगितलं होतं की मी बरी झाले."

आनंदरावनं दुसरं गाणं उचललं. पण पेटी वाजली नाही. माणिकरावनं भाता मिटवून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. आनंदराव एक ओळ एकटेच गायले अन् थांबले.

"ते खरं नव्हतं," सुशीला म्हणाली. "नागपूरला माझं ऑपरेशन झालं. एका बाजूची छाती काढली. बिजलीचा शेक घेतला. वर्षभर मी गाठ लपवली होती, म्हणून त्याचाही उपयोग झाला नाही. आता आजार पाठीच्या हाडात आहे. मी मरणार आहे. प्रभू माझ्याजवळ आहे, हे खरं. मी बरी झाले, हे खरं नाही. दोन्ही सांगते, कारण दोन्ही पाहिलंय मी." तिले दम लागला. मंग तिनं मागं पाहिलं. "धोंडबाभाऊ, कांताला रायपूरला न्या. प्रार्थना मी करते, सही तुम्ही करा."

 मंग एक बाई उठली, तिच्यामागं दुसरी. चपला शोधायचा आवाज तेवढा येत राहिला. धोंडबा मान खाली घालून बसला होता, तोही उठून गेला. मी सुशीलाले खाटेवर निजवलं. तिनं डोळे मिटले. मी विचारलं, "काही म्हणाला का तुझा देव?" तिनं नुसती मान हलवली, नाही म्हून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला अन् दार वाजलं. धोंडबा अन् कांता. कांताच्या हातात कपड्यायचं गाठोडं. धोंडबा माझ्याकडं न पाहता म्हणे, "रायपूरची गाडी केव्हा आहे?"

नाताळाले त्या घरी मोजके लोक आले. ज्या बाया तेलासाठी दारात उभ्या राहत, त्या आता नळावर सुशीलाचं नाव बी घेत नव्हत्या. एक दिवस आनंदराव आले. आत नाही आले, उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणे, "बाई, मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही." सुशीला म्हणे, "हो. हवं होतं." मंग ते आत येऊन खाटेजवळ बसले. बोलले काहीच नाही. पण भोंगा होईपर्यंत बसले होते.

ती रोज एकच विचारे, "कांताची खबर?" मी सांगे, ऑपरेशन झालं. मी सांगे, ताप उतरला. मी सांगे, डाक्तर म्हणते वेळेवर आणली. ऐकून ती डोळे मिटायची. पेज त तेव्हा तिच्या गळ्याखाली उतरत बी नव्हती, तरी मिटायची. एक दिवस दुपारी मी कापसानं तिच्या ओठाले पाणी लावून राहिली होती. पाहतो त पाणी ओठावरच राहिलं. आमच्या सवयीनं मी तुळशीचं पान आणायले उठली, अन् दारातून परत फिरली. तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, तिच्या उशाशी होतं, ते तिच्या हाताखाली ठेवलं. मंग माणिकरावले निरोप पाठवला, चूल पेटवली, पाणी तापवलं. अन् शेवटची आंघोळ बी मीच घातली. डोळ्यात टिपूस नाही. मलेच माझं भेव वाटलं.

मातीले मंडळीतले थोडेच आले. मी गेली. बाबुलाल त्याच्या संगतीचे खलासी घेऊन आला. कारखान्यात हे लोक टनाटनाचं लोखंड उतरवतात, त्यायनं दोर असा हळूहळू सोडला की शवपेटी केव्हा टेकली ते कोणाले कळलं नाही. बाबुलालनं दोर काढून घेतला अन् कपाळाचा घाम पुसला. मंग आम्ही घरी आलो. मी भात टाकला.

कांता रायपूरहून परत आली, ते सुकलेली होती पण चालत आली. व्रण कोरडा झाला होता. ती माझ्याकडं न बसता आधी बाजूच्या दारात जाऊन उभी राहिली. खाट उभी करून ठेवली होती. तिथूनच मले म्हणे, "बाई, आज गुरुवार आहे ना? त्यायच्यात भलं झालं की सांगायचं असते. मले नाही बोलता येत सगळ्यायसमोर. तू चाल."

"मी कावून? माझं काय भलं झालं?"

तिनं माझा हात धरला.

संध्याकाळी गेलो. सतरंजीवर बरीच जागा रिकामी होती. माणिकराव पेटीवर, आनंदराव समोर. मी उभी राहिली. 

"माझं नाव गयाबाई," मी म्हटलं. "मी तुमच्यातली नाही अन् होणार बी नाही. पण साक्ष म्हणजे जे पाहिलं ते सांगणं, असं सुशीला म्हणे. त मी पाहिलं ते सांगतो. सुशीला बरी झाली नाही. माझी बहीण बरी झाली."

आणखी बोलायचं होतं. मी आनंदरावकडं पाहिलं, आता हे गाणं उचलतात म्हून. त्यायनं उचललं नाही. मी उभीच होती. मंग माझ्या पोटातून कुठून तरी हुंदका आला अन् थांबेचना. कांतानं उठून माझ्या काखेत हात घातले. तिच्या एका बाजूची सपाट छाती माझ्या पाठीले लागली. माझं रडणं संपेपर्यंत तिनं मले तसंच उभं धरून ठेवलं, अन् तोवर त्या घरात कोणी गायलं नाही.